जाम इंजिन व जाम ब्रेक
मोटारगाडीच्या इंजिनाचा क्रँक किंवा चाकाचा ब्रेक जागीच धरून बसणे. गॅरेजच्या बोलीत इंजिन ‘सीज’ होते, ब्रेक ‘चिकटतो’. परभणी जिल्ह्यात (एमएच २२) त्याला हवामान पुरेपूर हातभार लावते: मे महिन्यात ४३–४४ अंशांवर जाणारा पारा, पावसाळ्यातली काळी चिकणमाती आणि गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे पूर.

इंजिन कशाने जाम झाले, हे मिस्त्रीला आधी ओळखावे लागते. चालत्या गाडीत ते तापून बसते. कूलंटऐवजी बोअरचे क्षाराचे पाणी वर्षानुवर्षे भरल्याने रेडिएटर चोंदतो, किंवा पांदण रस्त्यावरच्या दगडाने चेंबर फुटून ऑइल गळून जाते. मग पिस्टन सिलिंडरला आणि बेअरिंग क्रँकला धरते. असे इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नसते. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत मात्र रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात, त्या बहुधा सुटतात. प्लग (डिझेल गाडीत इंजेक्टर) काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून जरासे पुढे, जरासे मागे हलवावे. त्याआधी पट्टा काढून पाहावा. पुष्कळदा इंजिन मोकळे असते आणि अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसरच जाम झालेला असतो. घाईने लांब पाइप लावून जोर करणारा मिस्त्री शेवटी बोल्टच तोडतो.

पुरात बुडालेल्या गाडीला यातले काहीच लागू नाही. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह होतो, आणि इंजिन मरते ते तेव्हाच. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. बॅटरीची तार काढून एअर फिल्टर ओला आहे का आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले आहे का, एवढे पाहून गाडी ओढत न्यावी.

ब्रेकचे दुखणे तुलनेने हलके. हँडब्रेक ओढून पावसात उभ्या केलेल्या गाडीचे मागचे लायनर गंजाने ड्रमला धरतात. हँडब्रेक सोडून, चाक काढून, ड्रमच्या कडेवर बेताने हातोडी मारली की ते सुटतात. त्यांवर ऑइल सोडले तर लायनर वाया जातात. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरच्या पिना सुकतात: गाडी एका अंगाला ओढते, एकच चाक तापते, ॲव्हरेज पडतो. पिनांना साधे नव्हे, ब्रेकचेच ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. ब्लीडरचा स्क्रू ढिला करताच चाक मोकळे झाले, तर कॅलिपर बदलण्याआधी रबरी होज तपासावा. जुना होज आतून फुगला की ऑइल ब्रेककडे जाते, पण सहजी परतत नाही.