जास्त पडतो तो कच्चा?

शर्यतीत काही मोटारसायकलस्वार इतरांपेक्षा जास्त का पडतात, हा आजचा प्रश्न. सुरुवात मात्र घोड्यांपासून करतो. घोडनदीत, म्हणजे आपल्या शिरूरला, ते शोभेलही. इथे इंग्रजांची छावणी होती; ३१ डिसेंबर १८१७ ला कोरेगावकडे निघालेली फौज इथलीच, आणि तिच्यात घोडदळही होतं.

घोडदळ आलं की घोड्याची लाथ आली. प्रशियाच्या सैन्यात लाथेने मेलेल्यांची नोंद ठेवत. बोर्टकीविच या अभ्यासकाने १८९८ मध्ये ती छापली. त्यातल्या दहा तुकड्यांची वीस वर्षं घेतली, तर नोंदी २०० आणि मृत्यू १२२. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एकीत चार. चार ऐकले की वाटतं, ती तुकडी बेशिस्त असणार. पण निव्वळ योगायोगाचं गणित मांडलं तरी जवळपास हेच आकडे येतात!

मग सगळं नशीबच का? नाही. १९१९ मध्ये ग्रीनवुड आणि वूड्स यांनी ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगार बायकांचे अपघात मोजले. तिथे नुसता योगायोग पुरेना. काहींच्या वाट्याला अपघात खरंच जास्त येत होते. पुढे अशांना ‘अपघातप्रवण’ म्हणू लागले. धोका इथेच आहे. माणसावर शिक्का बसला की यंत्राकडे कोण बघणार?

आता मार्क मार्केझ. २०१७ च्या मोटोजीपी हंगामात तो २७ वेळा पडला, आणि जगज्जेताही तोच झाला. टायरची पकड नेमकी कुठे सुटते, हे तो सरावात पडून शोधायचा. ही हिंमत फुकट नव्हती. २०२० मध्ये जेरेझला उजव्या दंडाचं हाड मोडलं, त्याच आठवड्यात तो पुन्हा गाडीवर बसला. पुढे त्या हातावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. २०२३ मध्ये होंडावर तो २९ वेळा पडला, विजेतेपद नाहीच. मग गाडी बदलली, आणि २०२५ मध्ये डुकाटीवर तो पुन्हा जगज्जेता झाला.

म्हणजे पडण्यात नशीब असतं, स्वभाव असतो आणि गाडीही असते. आपल्या नगर रस्त्यावर पोरगं दोनदा पडलं की आपण म्हणतो, “तो पडतोच.” तसं म्हणण्याआधी त्याचा टायर बघा, ते वळण बघा. शर्यतीत पडणाऱ्यासाठी बाजूला मोकळी जागा आणि खडी असते. आपल्या रस्त्यावर समोरून ट्रक येतो.