नवस, मलिदा आणि फौजेतली माणसे

सनीव्हेलला मलिद्याच्या ताटाभोवती बसलो की आम्हांला फौजेतले पूर्वज आठवतात. सामाजी हसाजी दिवेकर दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटल्यावर नवस फेडायला त्यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. तीच आपली ‘जुनी मशीद’. पुढे आपले लोक मुंबई फौजेबरोबर एडनपर्यंत गेले. परतले की एलियाहू हन्नाबीचा मलिदा व्हायचा. माणूस रात्री दचकून का उठतो, हे कोणी विचारले नसावे.

फौजेचीही तीच तऱ्हा. देवळाली छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची महिनोन्महिने वाट पाहत काही गोरे सोल्जर भ्रमिष्ट होत. त्याला ‘डुलॅली टॅप’ म्हणत. देवळाली आणि ताप! इंग्रजीत तो शब्द आजही चेष्टेचाच आहे.

व्हिएतनामहून परतलेल्यांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९८० साली अमेरिकेत पीटीएसडी हे निदान मान्य झाले. १९८९ साली निघालेल्या त्याच्या राष्ट्रीय केंद्राचा एक विभाग आमच्या शेजारीच, पालो आल्टोच्या माजी सैनिक रुग्णालयाकडे आहे.

आमच्यातला एक मुलगा तैनातीवरून परतला, तेव्हा आईने मलिदा सोमवारी ठेवला. मंगळवारी त्याची तिथली भेट ठरलेली होती.