अंडाशयाला पीळ बसला तर? काल आणि आज

दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या पोटात अचानक जोराची कळ आली, सोबत उलट्या झाल्या, की घरात म्हणतात, "बाहेरचं खाल्लं असेल" किंवा "पाळी यायची असेल." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी अंडाशय, म्हणजे ओव्हरी, स्वतःच्या देठाभोवती फिरतो. रक्तवाहिन्या पिळल्या जातात, अंडाशय सुजतो आणि काळानिळा पडतो.

पूर्वी असा अंडाशय सरळ काढून टाकत. तो मेला असं समजत. शिवाय पीळ सोडवला तर रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाईल, अशी भीती होती. आपल्या शहरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, सुरू झालं तेव्हा जगभर बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. सोनोग्राफीही नव्हती. पोटातल्या गाठींची ध्वनिलहरींनी काढलेली चित्रं ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये छापली ती १९५८ साली. त्याआधी भरवसा होता तो डॉक्टरांच्या हातावर. उजवीकडे दुखलं की अपेंडिक्स समजून पोट उघडायचं आणि आत निघायचा पिळलेला अंडाशय.

वेगळा विचार मात्र १९४६ मध्येच मांडला गेला होता. डॉ. स्टॅन्ली वे यांनी 'लॅन्सेट'मध्येच, पीळ सोडवून फक्त गाठ काढावी आणि अंडाशय ठेवावा, असं सुचवलं. ते रुजायला अनेक दशकं लागली. पीळ सोडवलेल्या मुलींची नंतर सोनोग्राफी केल्यावर दिसलं, की काळा पडलेला अंडाशयही बहुतेक वेळा पुन्हा काम करू लागतो, कारण त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. गुठळीची भीतीही खरी ठरली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने किशोरवयीन मुलींसाठी स्पष्टच सांगितलं: नुसता काळा दिसतो म्हणून अंडाशय काढू नका.

तुम्ही काय लक्षात ठेवाल? कळ येते-जाते, त्यामुळे "बरं वाटतंय" यावर विसंबू नका. डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसला तरी पीळ असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मुलीला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांना जरूर विचारा, "अंडाशय वाचवता येईल ना?" क्वचित तो काढावाच लागतो, पण वेळेत पोहोचलात तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.