रूम नंबर कोण विचारतंय?

लिनक्सवर नवा युजर बनवलाय कधी? 'ॲडयुजर' कमांड दिली की ती पूर्ण नाव विचारते, मग रूम नंबर, ऑफिसचा फोन, घरचा फोन. बीडला कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही नाव टाकून पुढं नुसतं एंटर, एंटर, एंटर दाबायचो. रूम नंबर कसला? एका पीसीवर तिघं बसायचो!

नोकरीला लागल्यावर कळलं, या प्रश्नामागं पन्नास वर्षांची गोष्ट आहे.

अमेरिकेतली स्टॅनफर्डची एआय लॅब. एकच मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेली टर्मिनलं, आणि माणसं रात्री-अपरात्री कामाला. कोण लॉग-इन आहे याची यादी 'हू' कमांड द्यायची, पण त्यात खरी नावं नसायची. लोक यादीवर बोट फिरवत विचारायचे, हा कोण, हा कुठं बसतो? लेस अर्नेस्ट यांनी ते बघितलं. १९७१ च्या सुमारास त्यांनी खरं नाव आणि जागा सांगणारा प्रोग्राम लिहिला आणि नाव ठेवलं 'फिंगर'. बोटावरूनच! मग लोक म्हणाले, आम्ही जागेवर नसलो तर का नाही, हेही सांगू द्या. त्यातून 'प्लॅन' फाइल आली. त्यात जे लिहाल ते फिंगर करणाऱ्याला दिसायचं.

मला ही फाइल लगेच समजली. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागतं, माणसं ऊसतोडीला जातात. शेजारच्या म्हातारीला विचारा. "ते व्हय? मुकादमासंगं सांगलीकडं गेलेत. पाडव्याला येतील." झाली प्लॅन फाइल! फक्त म्हातारी आधी विचारते, "तू कोणाचा रं?"

फिंगर ते विचारत नव्हतं. १९७७ मध्ये नेटवर्कवरून फिंगर करण्याचा नियम लिहिला गेला, आणि दुसऱ्या गावचा अनोळखी माणूसही तुमची माहिती मागू शकायला लागला. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं एक वर्म सोडला. फिंगरच्या सर्व्हरनं ५१२ बाइटची जागा ठेवली होती, वर्मनं ५३६ पाठवले. लांबी कोणी मोजतच नव्हतं! वर्मकडं इतरही वाटा होत्या, पण हजारो मशीन अडकली. पुढं ॲडमिन लोकांनी हळूहळू फिंगर बंद केलं. आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं, तोवर हे दार बऱ्याच ठिकाणी लागलं होतं.

आता काय, 'लास्ट सीन'. आईला रात्री २:१० दिसतं आणि सकाळी फोन येतो, "झोपला नव्हतास?" रिलीज होतं, हे लास्ट सीन सांगत नाही.

फिंगर आता उबंटूत वेगळं टाकावं लागतं. पण टर्मिनलवर 'गेटेंट पासडब्ल्यूडी' आणि पुढं तुमचं युजरनेम टाकून बघा. कोलननं पाडलेले सात खाने दिसतील, त्यातला पाचवा तुमच्या नावाचा. माझ्या नावापुढं तीन स्वल्पविराम आहेत, त्या तीन एंटरांचे.