इमारतीचा पगार

आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच; पुढचे शिक्षण झाले ते गिरणीच्या फाटकावरच्या सभांत आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी. तेव्हा चालकांनी उंच घरांच्या इतिहासावर बोलावयास आम्हांस बोलाविले ते आम्हांस इमारतींचे शास्त्र कळते म्हणून नव्हे, तर वर्गणीसाठी आम्ही पुष्कळ जिने चढलो आहोत म्हणून, असे आम्ही समजतो.

आपले नागपूर मुळात बैठ्या घरांचे गाव. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. तिचा कामगार राहिला तो बहुतेक कौलारू घरात. पुढे मिलने इंदोऱ्याला कामगारांची वसाहत वसविली, तेच आजचे बेझनबाग. तीही जमिनीला धरूनच होती. त्या काळच्या घरांचे गोडवे आम्ही गाणार नाही. आमचे बालपण तसल्याच घरात गेले. पावसाळ्यात कौले गळत, सकाळी डबा घेऊन संडासापुढे रांग लागे, आणि क्षय एका दारातून शेजारच्या दारात जाई. परंतु कौल फुटले तर आमचे वडील सुटीच्या दिवशी शिडी लावून वर चढत आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर जात. हाती पैसा नसला तर घराला अंगमेहनत देता येत असे. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्याशीच निगडित आहे.

उंच घराला अंगमेहनत चालत नाही. त्याला रोख रक्कम लागते. १८५०च्या दशकात अमेरिकेत एलिशा ओटिसने दोर तुटला तरी खाली न कोसळणारी लिफ्ट करून दाखविली. (सरकारी मराठीत तिला उद्वाहक म्हणतात, तो शब्द बंद पडलेल्या लिफ्टला विशेष शोभतो!) तोवर माळ्यावर राहणारा तो गरीब, कारण जिने त्याच्या पायांना पडत. लिफ्ट आली आणि वरचा मजला श्रीमंताचा झाला. त्या दिवसापासून मात्र घर हे विटा-मातीचे न राहता यंत्र झाले. यंत्राला तेल, वीज आणि मिस्त्री लागतो, आणि तोही दर महिन्याला. आम्ही कामगार चळवळीतली माणसे याला इमारतीचा पगार म्हणतो. ही नोकर अशी की कधी निवृत्त होत नाही, आणि जसजशी म्हातारी होते तसतसा तिचा पगार वाढत जातो.

हा पगार कोणी द्यावयाचा, हा प्रश्न आपल्या राज्यात प्रथम मुंबईत उभा राहिला. १८९६ साली तेथे प्लेग आला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खाते स्थापन झाले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. झाल्या सोळा हजारांच्या आसपास: वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२, अशा २०७ चाळी. तळमजला धरून चार मजले, खोली १६० चौरस फुटांची. भाडे परवडेना आणि गिरण्या दूर, म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० साली वरळीच्या चाळींचा सरकारने सत्याग्रह्यांसाठी तुरुंग केला. घर बांधणे निराळे आणि ते माणसाच्या मिळकतीला झेपणे निराळे, हे तेव्हाच दिसून आले होते. तरीही या चाळी शंभर वर्षे टिकल्या. त्यांत लिफ्ट नव्हती. जिना आणि गॅलरी एवढेच यंत्र. आमच्यासारख्याला अशा चाळीतील ऐंशी दारे एका संध्याकाळी होतात. टॉवरमध्ये पहिला वॉचमन भेटतो, आणि त्याच्या वहीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात काय लिहावे हे आम्हांस अजून सुचलेले नाही.

अमेरिकेतील सेंट लुई शहराने हा धडा फार महाग किमतीला घेतला. तेथे १९५० नंतरच्या काही वर्षांत गरिबांसाठी प्रुइट-आयगो नावाच्या वसाहतीत अकरा मजल्यांच्या ३३ इमारती उठल्या. बांधण्यास सरकारने पैसा दिला. देखभालीचा खर्च मात्र भाडेकऱ्यांच्या भाड्यातून भागवावयाचा होता. कारखाने आणि माणसे शहराबाहेर गेली, भाडे आटले, लिफ्ट बंद पडू लागल्या. उरलेल्यांवर भाडेवाढ आली. १९६९ साली शहरातल्या सरकारी घरांतील भाडेकऱ्यांनी भाडे देण्याचे थांबविले. तो संप नऊ महिने चालला आणि भाडेकऱ्यांनी जिंकला. परंतु इमारतींना तो विजय वाचवू शकला नाही. १९७२ साली त्या सुरुंग लावून पाडावयास आरंभ झाला. वय पुरते वीस वर्षांचेही नव्हते.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत रस्ते आणि रेल्वेसाठी उठविलेल्या कुटुंबांना मानखुर्द-गोवंडीकडे सात-आठ मजली इमारतींत नेले गेले. दोन इमारतींमधले अंतर इतके थोडे की खालच्या घरांत दिवसा दिवा लावावा. २०१८ साली तेथल्या वसाहतींची पाहणी झाली, तेव्हा ऊन आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षय अधिक आढळला. ज्या रोगातून सुटण्यासाठी चाळ सोडावयाची, तोच जिन्याखाली येऊन बसला.

आता कायद्याकडे वळू. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग फंडात टाकावी असे आहे. घराचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर वर्षाला ५ हजार, आणि तीस वर्षांनी दीड लाख. व्याज धरा, दुप्पट धरा, तिप्पट धरा. त्यात घर पुन्हा बांधून होईल काय? ते होत नाही हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून भरवसा असतो तो बिल्डरवर. जुनी इमारत पाडावयाची, वाढीव चटईक्षेत्रावर अधिक मजले चढवावयाचे, ते विकावयाचे आणि जुन्या रहिवाशांना फुकट घर द्यावयाचे.

वरळीच्या चाळींचे नेमके हेच झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्या माणसांना घरात संडास मिळाला, याचा आम्हांस निखळ आनंद आहे; त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी एक महिना त्या रांगेत उभे राहावे. परंतु हा व्यवहार जमला तो चाळी चारच मजली होत्या आणि भोवती जागा मोकळी होती म्हणून. चाळिसाच्या वर किती चढविणार? १९२० सालच्या माणसांनी आपल्या नातवंडांसाठी नकळत मोकळे आकाश शिल्लक ठेवले होते. आपण ते एकाच पिढीत विकून टाकीत आहोत, आणि जमीन मात्र शेकडो कुटुंबांत तळहाताएवढी वाटली जात आहे.

हे मुंबईचे झाले, असे म्हणून येथे सुटता येणार नाही. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली आणि आता नागपूरही वर चढू लागले आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही एका जुन्या सोबत्याकडे गेलो होतो. मुलाने कर्ज काढून सातव्या मजल्यावर घर घेतले आहे. लिफ्ट बंद होती. वर पोचलो तेव्हा कूलरही बंद, कारण पंप बिघडल्याने पाणी चढले नव्हते. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये झाले, ते सरकारचे उपकार. आमच्या सोबत्याला सतराशे मिळतात. इमारतीचा मासिक पगार अठ्ठावीसशे. मुलाचे बुटीबोरीचे कंत्राटी काम तीन महिने सुटले होते, आणि खाली फलकावर थकबाकीदारांत त्यांचे नाव लागले होते. आयुष्यभर ज्याने युनियनच्या वर्गणीची थकबाकी लिहिली, त्याचे!

“भाऊ, नाव लिहिलं त्याचं काही नाही,” ते म्हणाले, “पण लिफ्ट किती दिवस बंद होती तेही बाजूला लिहा म्हणावं.” भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने फुल्या मारून ठेविल्या होत्या. जानेवारीपासून आम्ही दोघांनी बसून मोजल्या, एकोणतीस भरल्या. त्याच रविवारी सोसायटीची सभा खाली पार्किंगमध्ये होती. लिफ्ट त्या दिवशी चालू होती, म्हणून कॅलेंडर घेऊन त्यांना सभेला जाता आले.