तुरा आला, पण कणसाला केस आले नाहीत



2023 चा ऑगस्ट आठवतोय ना? जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला पेरण्या झाल्या, जुलैत पीक हिरवंगार उभं राहिलं आणि ऑगस्टात आभाळ कोरडं पडलं. 1901 पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच. आमच्या खान्देशातली हलकी रानं तर पार भाजून निघाली.

त्या साली माझा एक एकर मका बरड जमिनीवर होता. पेरणीच्या घाईत कृषी केंद्रात एकाच वाणाच्या दोन पिशव्या मिळाल्या नाहीत, म्हणून एक पिशवी एका वाणाची, दुसरी दुसऱ्याची. अर्धं रान इकडं, अर्धं तिकडं. खत तेच, पेरणी एकाच दिवशी. ऐन खंडात दोन्हीकडं तुरा आला. एका बाजूला तीन दिवसांत कणसातून केस बाहेर आले. दुसऱ्या बाजूला आठ दिवस झाले तरी कणीस मुकं. शेजारचे आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "बाप येऊन बसला रे, पण आईचा पत्ता नाही."

काढणीला पहिल्या अर्ध्या एकरात आठ क्विंटल निघाला, दुसऱ्यात साडेतीन. दुसऱ्या बाजूची कणसं सोलली तर बुडाला चार दाणे, शेंडा बोडका.

एका वर्षाच्या, एका रानाच्या अनुभवावरून वाण चांगला-वाईट ठरत नाही, जमीनही थोडी इकडं-तिकडं असते. पण ते "आठ दिवस" माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मग वाचायला लागलो आणि कळलं, की जगातल्या दुष्काळी मक्याचा अर्धा इतिहास या मधल्या दिवसांचाच आहे. आजची नोंद त्यावर. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

मक्याची अडचण कुठं आहे?

ज्वारी, गहू, भात यांचं फूल एकाच जागी असतं. नर-मादी जवळजवळ. मक्याचं तसं नाही. नर वर शेंड्याला, म्हणजे तुरा. मादी खाली पानाच्या बेचक्यात, म्हणजे कणीस. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट. केसावर पराग पडला तर दाणा, नाही पडला तर जागा रिकामी.

केसात बहुतेक सगळं पाणीच असतं. पाण्याचा ताण पडला की केसाची वाढ थांबते. तुऱ्याला मात्र फारसा फरक पडत नाही, तो आपल्या वेळेला येऊन पराग सांडून मोकळा होतो. एका झाडाचा पराग पाच-सहा दिवस पडतो. त्यात आधी बुडाकडचे केस बाहेर येतात, शेंड्याकडचे शेवटी. म्हणून ताणातल्या कणसाचा शेंडा रिकामा राहतो. फवारणी चुकली, खत कमी पडलं असं आपण म्हणत बसतो. खरं कारण पुष्कळदा हे असतं.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात डेनमीड आणि शॉ या दोघांनी 1960 साली याचा हिशोब मांडला. केस येण्याआधी ताण दिला तर उत्पन्न 25 टक्के घटलं. केस आल्यावर, दाणा भरताना दिला तर 21 टक्के. आणि नेमका केस येण्याच्या वेळी दिला तर 50 टक्के! पाणी तेवढंच तुटलं, पण वेळ चुकली की नुकसान दुप्पट.

आधी काय करून पाहिलं?

त्याच आयोवात 1934 आणि 1936 ला भयंकर अवर्षण झालं होतं. तेव्हा संकरित मका नवा होता, शेतकरी बिचकत होते. पण दुष्काळात गावठी मका झोपला आणि शेजारचा संकरित उभा राहिला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. दहा वर्षांत जवळजवळ सगळं राज्य संकरित बियाण्यावर गेलं. शेतकरी बांधावरून बघून शिकतो, हे तिकडंही खरं.

मेक्सिको तर मक्याचं माहेर. तिथल्या मिचोआकान भागातला एक गावठी मका 1950 च्या दशकात संशोधकांच्या नजरेत भरला. ताण पडला की तो गप्प बसायचा, वाढ थांबवायचा आणि पाणी मिळालं की पुन्हा सुरू. त्याला नाव पडलं 'लातेंते', म्हणजे दबून राहिलेला. सगळ्यांना वाटलं, सापडलं औषध! पण झाड जगणं वेगळं आणि झाडाला दाणा भरणं वेगळं. ही गोष्ट आपल्याला समजवायला नको. आपण जिवंत हिरवा कडबा पुष्कळदा घरी आणलाय, कणसाशिवाय.

तहानेत ठेवून केलेली निवड

आता मुख्य गोष्ट. मका आणि गहू यांची आंतरराष्ट्रीय संस्था, सिमिट, मेक्सिकोत आहे. तिनं 1975 साली त्लाल्तिसापान या ठिकाणी एक काम सुरू केलं. (हे गाव म्हणजे 'जमीन कसणाऱ्याची' म्हणून लढलेल्या एमिलियानो झापाताचं एकेकाळचं ठाणं.) तिथं हिवाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. म्हणजे पाणी किती आणि कधी द्यायचं, हे सगळं माणसाच्या हातात.

निवडला तो तुक्सपेन्यो नावाचा, मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याकडचा उंच, दणकट मका. त्याची शेकडो कुटुंबं, म्हणजे एकेका जोडीची पिल्लावळ, तीन ठिकाणी लावायची. एका ठिकाणी पोटभर पाणी. दुसऱ्या ठिकाणी दाणा भरताना तोडायचं. तिसऱ्या ठिकाणी फुलोऱ्याच्या आधीपासून तोडायचं, अगदी जीव जाईल इतकं. मग जी कुटुंबं तहानेतही दाणा भरतात आणि पाण्यातही मागं पडत नाहीत, ती ठेवायची. त्यांचा आपसात संकर. पुन्हा पेरा, पुन्हा तोडा, पुन्हा निवडा. अशा आठ फेऱ्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळी पैदासकार मंडळींची रीत उलटी होती. चाचणीचा प्लॉट म्हणजे काळी जमीन, भरपूर खत, वेळेवर पाणी. त्यात जो पहिला आला तो सगळ्यांना चांगला, असा समज. ताणाच्या प्लॉटमध्ये आकडे फार वर-खाली होतात, कुठलं झाड खरंच चांगलं आणि कुठलं नशिबानं चांगल्या जागी पडलं हे कळत नाही, म्हणून तिकडं जायला कोणी तयार नसे.

इथंच ते "मधले दिवस" कामाला आले. नुसता दाणा मोजण्याऐवजी तुरा कधी सांडला आणि केस कधी दिसले, याची तारीख लिहायची. दोन तारखांतलं अंतर. या आकड्यावर नशिबाचा खेळ कमी चालतो आणि दाण्याशी त्याचं नातं घट्ट. अंतर दोन-तीन दिवसांचं असेल तर पीक हाती लागतं. दहा दिवसांवर गेलं की उत्पन्नाचा अगदी थोडा भाग उरतो. वही आणि पेन्सिल, एवढंच यंत्र!

बोलान्योस आणि एडमीड्स यांनी 1993 साली या आठ फेऱ्यांचा निकाल छापला. दर फेरीला हेक्टरी 100 किलोच्या आसपास वाढ, ताणातही आणि पाण्यातही. पण मला गंमत वाटली ती मुळांची. तुम्हालाही वाटत असेल, दुष्काळी वाण म्हणजे खोल, भरपूर मुळं. त्यांनी मुळं धुवून वजन केलं, तर वरच्या अर्ध्या मीटरमधली मुळं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाली होती! तुराही लहान झाला होता. झाड जमिनीतून जास्त पाणी ओढत नव्हतंच. आहे त्यातलं कणसाला आधी देत होतं. घराची कमाई तेवढीच, पण वाटप बदललं. जुना मका तुऱ्याला आणि मुळांना आधी वाढायचा, कणीस शेवटच्या पंगतीला.

तिथून आफ्रिकेत

1991-92 ला दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यात, झिंबाब्वे, मलावी, झांबिया या भागात मोठा दुष्काळ पडला. तिथं मका म्हणजे आपली भाकरी. पीक गेलं आणि बाहेरून जहाजं भरून मका आणावा लागला. मग मेक्सिकोत शिकलेली रीत हरारेत गेली. मारियान बँझिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली, की तिथला लहान शेतकरी नुसता पाण्याला नाही, नत्रालाही महाग आहे. म्हणून काही प्लॉट मुद्दाम युरियाशिवाय ठेवायचे आणि निवड तिथंही करायची.

चाचणीची पद्धतही बदलली. गावाच्या मध्यावर, शाळेत वगैरे एक मोठा प्लॉट, त्याला म्हणायचे 'आई'. त्यातलेच चार-सहा वाण आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या रानात, त्यांच्याच खतपाण्यावर, ती 'बाळं'. आईकडं काय होतं यापेक्षा बाळाकडं काय होतं ते महत्त्वाचं. पुढं 2007 पासून 13 देशांत मोठा प्रकल्प झाला, त्यातून दीडशेच्या वर वाण बाहेर पडले.

थंडीचं काय?

रब्बी मका करणारे हा प्रश्न विचारणारच. उशिरा पेरलेल्या मक्याचं डिसेंबर-जानेवारीत काय होतं बघा. पानं जांभळी पडतात, रोप आहे तिथं थिजतं. आपण स्फुरद कमी म्हणून आणखी खत टाकतो. जमिनीत स्फुरद असतं, पण गार मातीत मुळाला ते उचलता येत नाही. मका मुळात उष्ण देशाचा. 10 अंशांच्या खाली त्याचा कोंब सरकत नाही. त्यात गार सकाळ आणि लख्ख ऊन एकत्र आलं की पानाचं हिरवेपण जळतं.

याचा इतिहास युरोपात घडला. 1493 ला कोलंबसानं कॅरिबियन बेटांवरचा मका स्पेनला आणला. तो दक्षिणेच्या उन्हात जमला, उत्तरेत जमेना. पुढं उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडून दुसरा मका आला. तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षं निवडून निवडून तो लवकर येणारा, टणक दाण्याचा, थंडी सोसणारा केला होता. युरोपात या दोघांचा संकर शेतकऱ्यांच्या रानात आपोआप झाला. पुढं तीन-चारशे वर्षं डोंगराडोंगरातल्या लोकांनी बियाण्याला चांगली कणसं मागं ठेवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सनं अमेरिकी संकरित मका आणला. उत्पन्न दांडगं, पण गार वसंतात रोप हलेना. तेव्हा तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आंद्रे कॉद्रों यांनी दक्षिणेतल्या लाकोन डोंगरातला गावठी मका घेतला. त्यातून काढलेल्या दोन ओळींची नावं अगदीच रूक्ष, एफ 2 आणि एफ 7. अशा थंडीतल्या गावठी ओळींचा अमेरिकी मक्याशी संकर करून 1950 च्या दशकाच्या शेवटी 'इन्रा 258' सारखे वाण आले आणि मका फ्रान्सच्या उत्तरेत चढला. उत्पन्न अमेरिकेचं, पण उभं राहण्याची ताकद डोंगरातल्या शेतकऱ्याच्या कणसाची.

आपल्याकडं

भारतात मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1957 ला सुरू झाला. 1961 ला गंगा 1, गंगा 101, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण आले. आज हैदराबादजवळ पाटणचेरूला सिमिटचं केंद्र आहे, तिथं ताण आणि उष्णता या दोन्हींवर काम चालतं. म्हणजे ही विद्या दूर नाही.

पण दुकानात पिशवीवर काय लिहिलेलं असतं? "भरघोस उत्पन्न" आणि हातभर कणसाचा फोटो. ते कणीस कुठल्या रानातलं, किती पाण्यातलं, हे आपण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आपल्यातल्या बहुतेकांचा खरीप मका आभाळावर असतो, आणि आपण वाण निवडतो तो बागायती प्लॉटच्या आकड्यावर.

एक गैरसमज नको. ताण सोसणारा वाण म्हणजे बिनपाण्याचा वाण नव्हे. जमिनीत ओलच नसेल तर कुठलाही मका जळणार. जिथं दुसऱ्याचे साडेतीन क्विंटल होतात तिथं याचे सात-आठ, एवढाच त्याचा दावा. पण खंडाच्या वर्षी घर चालतं ते त्या फरकावरच. आणि एखादंच पाणी देण्याची सोय असेल तर ते तुरा दिसायच्या बेताला द्या, नंतर नको.

या खरिपात मी एवढं करणार आहे, तुम्हीही करून बघा. प्रत्येक वाणाच्या मधल्या ओळीतली 20 झाडं धरायची, टोकाची नाही. त्यातल्या 10 झाडांचा पराग सुटला ती तारीख वहीत लिहायची. 10 झाडांच्या कणसाला केस दिसले ती तारीख लिहायची. वजाबाकी करायची. खंड पडला तर हा आकडा सोन्याचा आहे. आपल्या गावात, आपल्या जमिनीवर कुठला वाण टिकतो हे त्यातूनच कळेल.

तारीख लिहिताना वाणाचं नाव, जमीन हलकी की भारी, आणि शेवटचा पाऊस कधी झाला, एवढं सोबत लिहा. दिवाळीनंतर इथंच सगळ्यांचे आकडे एकत्र मांडू. 2023 ला कोणाकडं तुरा-कणसाची अशीच चुकामूक झाली असेल तर खाली जरूर सांगा.

चला, गुरांचं पाणी राहिलंय.

#शेतनोंदी #मका #पावसाचाखंड