किल्ल्यातली कमळ बस्ती

आम्हा गोवेकरांना बेळगाव ठाऊक आहे ते बाजाराचे. चोर्ला घाट चढायचा, कापडचोपड, भांडी घ्यायची, कुंद्याचा डबा घ्यायचा आणि रात्रीपर्यंत घर गाठायचे. बसस्टँडच्या जवळच किल्ला आहे. खंदक ओलांडला की दरवाजापाशी गणपती आणि दुर्गा. तिथे हात जोडून बरेचजण मागे फिरतात. थोडे पुढे आत गेले की कमळ बस्ती लागते. बस्ती म्हणजे आपली लोकवस्ती नव्हे. संस्कृत 'वसती'चे कानडीत 'बसदि' झाले, म्हणजे जैन मंदिर. त्याचीच आपण मराठी माणसांनी बस्ती केली.

मंदिर काळ्या दगडाचे आणि बाहेरून तसे बुटके. आत गुळगुळीत कातलेले खांब, गाभाऱ्यात नेमिनाथांची काळी मूर्ती. पण नाव पडले ते मंडपाच्या छतावरून. छताच्या मधोमध एक प्रचंड दगडी कमळ उलटे लोंबते आहे. त्याच्या पाकळ्या 72 सांगतात: भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. (याच जिल्ह्यात देगावेला गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधलेले कमलनारायण मंदिर आहे. ते वेगळे, नावावरून गल्लत करू नये.)

हे मंदिर बांधले रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने. त्याचे मूळ नाव रट्ट जिनालय. 1204 साली राजाने आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन याने मंदिराला दान दिले आणि ते शुभचंद्र भट्टारक या आचार्यांच्या स्वाधीन केले. त्याचे दोन शिलालेख आहेत. सरकारी कचेरीत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला हे लेख वाचताना घरच्यासारखे वाटते. राजस्तुतीचे श्लोक सोडले तर उरतो तो आपला एक-चौदाचा उतारा! कोणती जमीन, कुठले दुकान, कुठल्या मालावर देवासाठी किती कर. बेळगाव तेव्हा वेणुग्राम होते आणि चांगली पेठ होती. कर देणाऱ्यांत स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर लाट देशचे, म्हणजे गुजरातेकडचे, आणि मलयाळ देशचेही व्यापारी आहेत. हे देऊळ राजाच्या खजिन्यावर चालले तसे परमुलखातल्या वाण्यांच्या पैशावरही चालले.

आणि हे वेणुग्राम रट्टांच्या हाती आले होते ते आपल्या गोव्याच्या कदंबांकडून, दानाच्या थोडीच वर्षे आधी. म्हणजे आम्ही आज जिथे भाजी घेतो तिथे आठशे वर्षांपूर्वी गोव्याचा अंमल होता. रट्टांनाही ते फार काळ लाभले नाही. पुढे देवगिरीच्या यादव सिंघणाच्या सेनापतीने रट्टांना आणि कदंबांना दोघांनाही नमवले. गंमत म्हणजे त्या सेनापतीचेही नाव बीचणच.

मग 1472-73 च्या सुमारास महमूद गावानने बेळगाव घेतले, सोळाव्या शतकात किल्ल्याची तटबंदी नव्याने बांधली गेली, असदखानाची सफा मशीद उभी राहिली. या मशिदीतल्या दोन खांबांवर जुने लेख आहेत. एक कार्तवीर्याचा, 1199 चा, आणि दुसरा यादव कृष्णाचा, 1261 चा. त्यांची भाषा कानडी आहे आणि लिपी नागरी. 1956 पासून बेळगाव कोणाचे यावर आपण भांडतो आहोत. 1967 च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला द्यावे असे म्हटले, तेही झाले नाही, आणि 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. माझे मन मराठीच्या बाजूने आहे, ते लपवत नाही. पण या खांबांचा पुरावा कोणत्या वकिलाने वापरावा हे मला सांगता येणार नाही.

बस्तीचे ते दोन शिलालेख मात्र बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बार्नेट नावाच्या विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी ते वाचून छापले, म्हणून आपल्याला एवढे तरी कळते. मालमत्ता इथे आणि दस्तऐवज सातासमुद्रापलीकडे! आमच्या कचेरीत एवढ्यावर फाईल परत पाठवली असती.

दान देणारे गेले तरी तो समाज याच मुलखात राहिला. बेळगावहून महामार्गाने निपाणीकडे जाताना तवंदी घाटात स्तवनिधी लागते. तिथल्या पार्श्वनाथाला नवखंड पार्श्वनाथ म्हणतात, आणि अमावास्येला तिथे गर्दी लोटते. येणारे पुष्कळसे शेतकरी. तंबाखू, ऊस पिकवणारे. कोणी घरात मराठी बोलतो, कोणी कानडी, बाजारात दोन्ही. याच स्तवनिधीला 1899 मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. अण्णासाहेब लठ्ठे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांतले. सभेचे मुखपत्र 'प्रगती आणि जिनविजय' मराठीत निघाले. ज्या समाजाच्या आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावर कानडी आहे त्याने आपल्या सुधारणेची चळवळ मराठीत चालवली, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटले नाही.

पुढच्या खेपेला बसला तासभर असेल तर खरेदीच्या पिशव्या घेऊनच किल्ल्यात जा. उन्हातून मंडपात शिरल्यावर सुरुवातीला काही दिसत नाही. डोळे सरावू द्या, मग मान वर करा.